लंडनचे दोन फुकट स्केटपार्क, एका सिव्हिलवाल्याच्या नजरेतून

आधी पात्रता सांगून टाकतो. स्केटबोर्डवर मला उभंही राहता येत नाही. पण उमेदीची सगळी वर्षं साइटवर काढली आहेत. स्लॅब, पाण्याच्या टाक्या, पार्किंगचे ट्रिमिक्स (ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी यंत्राने ओढून काढलेले) कोबे, सगळ्यांपायी मुकादमांशी भांडून झालंय, आणि काँक्रीट चांगलं की वाईट हे पायाखाली आलं की कळतं. लेक लंडनला असते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला बोर्डाचं वेड आहे. उन्हाळ्यात आम्ही तिकडे गेलो की आई-बाप कामावर आणि नातीला पार्कात नेण्याची ड्यूटी माझी. आता तिथे बसून माझ्यासारखा माणूस काय करणार? कोबा बघणार.

पहिला साउथबँक. वॉटर्लू स्टेशनपासून थोडं चाललं की थेम्सच्या काठावर क्वीन एलिझाबेथ हॉल लागतो. संगीताचं सभागृह, १९६७ साली उघडलेलं. इमारत उघड्या काँक्रीटची. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे, लाकडाच्या रेषांसकट, भिंतीवर तसेच राखलेत. आपल्याकडे अशी भिंत दाखवली तर मालक विचारेल, ‘प्लास्टर कधी करताय?’ सभागृह वर उचललेलं आहे आणि त्याच्या पोटाखाली, नदीकडे तोंड करून, एक मोठी उघडी जागा राहिली आहे. तिथले खांब डोक्याशी रुंद होत जाणारे, आम्ही ज्यांना मशरूम कॉलम म्हणतो ते. आणि कडेने तिरके उतार. हे उतार खेळासाठी कुणी काढले नव्हते. १९७३च्या सुमारास पोरं बोर्ड घेऊन तिथे शिरली आणि मग हललीच नाहीत. इंग्रजीत या जागेला अंडरक्रॉफ्ट म्हणतात.

तिकीट नाही, दार नाही, वॉचमन नाही, फॉर्म नाही. रात्री अकराला गेलात तरी कुणीतरी फिरत असतं. भिंती तळापासून छतापर्यंत स्प्रेच्या रंगाने भरलेल्या. सोमवारी पाहिलेलं चित्र गुरुवारी असेलच असं नाही. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे आणि त्याला टेकून येणारे-जाणारे लोक बघत उभे राहतात. बायका, बाबागाड्या, ऑफिसातून सुटलेले टायवाले. या बघ्यांचा फायदा फार मोठा आहे, तो आपल्या उद्यान खात्याने समजून घ्यावा असा. इतके डोळे सतत जागेवर असले की तिथे वेडंवाकडं काही होण्याची शक्यता आपोआप कमी होते. आमच्या हिला सुरुवातीला ते रंगवलेले खांब बघून धास्ती वाटली होती. नंतर ती डबा घेऊन यायला लागली. पोळी-भाजी खायला नदीकाठचे बाक, आणि स्वच्छतागृहासाठी शेजारचा रॉयल फेस्टिव्हल हॉल, ज्याचं मोठं फॉयर, म्हणजे दर्शनी दालन, कुणालाही उघडं असतं. आजी-आजोबा वर्गासाठी ही माहिती स्केटिंगपेक्षा महत्त्वाची.

आता फरशी. स्केटबोर्डचं चाक बघितलंय का कधी हातात घेऊन? साधारण ५२ मिलिमीटर व्यासाचं, पॉलियुरेथेनचं, नखाने दाबलं तर दबत नाही इतकं कडक. सायकलच्या चाकाला खडा लागला तर कळतही नाही. या चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला की बोर्ड जागेवर थांबतो आणि वरचा माणूस पुढे जातो. म्हणजे इथे घोटाई हा शोभेचा भाग नाही, खेळाचा पाया आहे. साउथबँकची फरशी पन्नास वर्षं चाकं फिरून फिरून अशी झाली आहे की नवीन करून मिळणार नाही. उतारांच्या कडा, कठड्यांचे कोपरे मेणाने आणि घासण्याने काळेभोर, चकचकीत. बोर्ड कोपऱ्यावर घासत नेताना जो आवाज येतो तो वरच्या काँक्रीटवर आपटून परत खाली येतो, आणि एखाद्याला अवघड उडी जमली की बाकीचे आपापले बोर्ड जमिनीवर आपटून दाद देतात. टाळ्या नाहीत. माझ्या नातीला पहिल्यांदा अशी दाद मिळाली ती एका पांढऱ्या दाढीवाल्याकडून. तो माझ्याहून फार लहान नसावा.

सगळ्यात मोठा गुण म्हणजे डोक्यावर छप्पर. लंडनचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण भुरभुरतो कधीही, आणि ओल्या काँक्रीटवर हा खेळ होत नाही. बाहेर सगळी मैदानं रिकामी आणि इथे गर्दी, असं चित्र दर आठवड्याला दिसतं.

दोष आहेत. अगदी नवख्या मुलाला गर्दीच्या वेळी इथे आणू नये. कोण कुठून येईल सांगता येत नाही, पाळी कुणाची हे नजरेने ठरतं, आणि ती नजर कळायला वेळ लागतो. हेल्मेटची सक्ती नाही, बहुतेक मोठी पोरं घालत नाहीत, मग लहान मुलं आपल्याला विचारतात की मलाच का. (आमच्याकडे उत्तर ठरलेलं: ‘तुझे आबा इंजिनिअर आहेत म्हणून.’) सकाळी लवकर गेलात तर मात्र जागा तुमचीच. या जागेला माझे दहापैकी नऊ. एक कापला तो हेल्मेटचा.

ही जागा आज आहे ती फुकटात राहिलेली नाही, हे सांगितल्याशिवाय परीक्षण पुरं होणार नाही. २०१३ साली तिथल्या कला केंद्राने १२ कोटी पौंडांचा विस्तार जाहीर केला. खर्च भागवायचा तर खाली दुकानं आणि उपाहारगृहं हवीत, आणि ती येणार नेमकी या उतारांच्या जागी. स्केटरांना पर्याय दिला होता: थोड्या अंतरावर, हंगरफर्ड पुलाखाली, नवीन बांधून देतो. कागदावर हा प्रस्ताव बिनतोड दिसतो. माझ्या ओळखीच्या कुठल्याही अधिकाऱ्याने तो सही करून पुढे पाठवला असता. स्केटरांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं की ही जागा कुणी आम्हाला दिलेली नाही, ती आम्ही शोधली, आणि तिच्यासारखी दुसरी बांधता येत नाही.

पुढे त्यांनी जे केलं त्याला मी मानतो. मोर्चा वगैरे नंतर. आधी त्यांनी जागेसमोरच एक टेबल मांडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून समजावायला सुरुवात केली. ‘लाँग लिव्ह साउथबँक’ हे त्या चळवळीचं नाव. बघे उभे राहतात म्हणालो ना, त्यातला प्रत्येक जण सहीचं गिऱ्हाईक. नियोजन अर्जावर लॅम्बेथच्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेकडे, २७,२८६ हरकती गेल्या. लंडनच्या तेव्हाच्या महापौरांनाही जाहीर म्हणावं लागलं की स्केटरांच्या जागेचं नुकसान करून विस्तार नको. सप्टेंबर २०१४मध्ये लेखी करार झाला, जागा राखली गेली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच्या दहाएक वर्षं आधी या जागेचा बराच भाग पत्रे मारून बंद केला होता, तोही उघडायचा म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून पैसे उभे केले. ज्यांच्याशी भांडले त्यांच्याच जोडीने लोकवर्गणी! जुलै २०१९मध्ये तो भाग उघडला. लहान मुलांनी शिकावं असे छोटे उतार त्यातच आहेत, आणि नात बहुतेक वेळ तिथेच असते. म्हणजे मी ज्या जागेला गुण देतोय तिचा बराच भाग चळवळीने परत मिळवलेला आहे.

जवळच्या पादचारी पुलावरून जाताना खाली एका जुन्या खांबाच्या पायाकडे नक्की बघा. मोडलेले बोर्ड तिथे टाकायची रीत आहे, ढीग पडलेला असतो. कचरा म्हणून मी आधी नाक मुरडलं असतं, पण प्रत्येक बोर्ड सात थरांच्या मेपल लाकडाचा असतो आणि तो मधोमध तुटायला किती जोर लागतो हे मला माहीत आहे.

दुसरा पार्क स्टॉकवेल, ब्रिक्स्टनजवळ, रस्त्याला लागूनच. हा मुद्दाम बांधलेला, १९७८चा. साउथबँक सपाटी आणि कोपऱ्यांचा, तर हा सगळाच वळणांचा: काँक्रीटचे उंचवटे, खळगे, एकातून दुसऱ्यात उतरणारे. वरच्या काठाला लोखंडी पाइप कुठेच नाही. आजच्या पार्कांत उताराच्या माथ्यावर साधारण ६० मिलिमीटर व्यासाचा पाइप बसवतात, बोर्ड त्यावर घासत नेता यावा म्हणून. स्टॉकवेलला ती पद्धत यायच्या आधीचं काम दिसतं, कड नुसतीच गोलावून सोडलेली. बोर्डाला जोर न देता, फक्त गुडघे वाकवून आणि सरळ करून पुढे जात राहायचं, हे शिकायला याहून चांगली जागा नाही. नात इथे पहिल्या तासातच पाय खाली न टेकवता दोन खळगे पार करून गेली आणि ओरडली, ‘आबा, बघितलंत का? बघितलंत का?’ मी तेव्हा एका जुन्या सांध्याकडे वाकून बघत होतो. बघितलं म्हणालो.

काँक्रीटचं वय दिसतं. पृष्ठभाग खरबरीत, पडलं की सालटं निघतं, म्हणून गुडघ्या-कोपरांची पॅडं घालूनच जा. वर आकाश, त्यामुळे पाऊस असला की सुट्टी. बसायची सोय बेताची. सात गुण. पण पन्नाशीला टेकलेलं, उघड्यावरचं, रोज चाकं झेलणारं काँक्रीट अजून वापरात आहे, यासाठी त्या गवंड्यांना मनातून आणखी एक.

त्या काळचे सगळेच पार्क असे टिकले नाहीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात बरेच बांधले आणि लाट ओसरल्यावर बुजवलेही. पूर्वेकडे हॉर्नचर्चला रोम नावाचा एक वाचला, तोही १९७८चाच. तो २०१४ साली त्यांच्या पुरातत्त्ववाल्यांनी वारसा यादीत घातला, युरोपात असा मान मिळालेला पहिला स्केटपार्क. चर्च आणि किल्ल्यांच्या यादीत स्केटपार्क! ऐकून हसू येतं, पण बांधकाम समजून घेतलं की येत नाही.

कारण बाउल बांधणं ही काय चीज आहे ते सांगतो. कढईसारखा खड्डा, पण कढईची वक्रता सगळीकडे सारखी नसते तरी भाजी होते. इथे वक्रता सारखी हवी. आधी प्लायवूडचे गोलाईचे साचे उभे करायचे, सळ्यांची जाळी वाकवायची, मग नळीने दाबाखाली काँक्रीट मारायचं, ज्याला शॉटक्रीट म्हणतात. ते खाली घसरायच्या आत पट्टीने छाटायचं आणि पोलादी गुरमाळ्याने हाताने घोटायचं, उभ्या भिंतीवर, वेळेशी शर्यत लावून. बोगद्याच्या अस्तरात आम्ही शॉटक्रीट मारलंय, पण तिथे दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर कुणी विचारत नाही. इथे दोन मिलिमीटरचा फुगवटा नऊ वर्षांच्या मुलीच्या टाचेला कळतो. शिवाय तळाला पाणी जायला उतार आणि जाळी हवी, नाहीतर पावसाळ्यात बाउल नाही, डासांचं तळं होतं. आपल्या डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, या कामाला आयटम मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे एक्स्ट्रा आयटम, म्हणजे रेट ॲनालिसिस, म्हणजे फाइल अडकली.

यावर आपल्याकडे काय होतं? एका महापालिकेच्या उद्यानात (शहराचं नाव मुद्दाम घेत नाही) मी ‘स्केटबोर्ड रॅम्प’ बघायला गेलो होतो. रॅम्प होता. तो जिथे जमिनीला मिळतो तिथे अंगठ्याएवढा उंबरा सोडलेला. भोवतालच्या फरशीला चेकर्ड टाइल, लोक घसरू नयेत म्हणून. ५२ मिलिमीटरच्या चाकाला उंबरा आणि चौकड्या, म्हणजे पोहण्याच्या तलावात पाणी न भरण्यातलाच प्रकार. रॅम्पवर दोन मुलं बसून मोबाइल बघत होती. दुसरा काही उपयोग नव्हताच. बिल मात्र निघालं असणार, एमबीत (मोजमाप पुस्तकात) माप चढलं असणार, आणि कागदोपत्री त्या शहरात या खेळाची सोय आहे. दोष कंत्राटदाराला देऊन भागणार नाही. त्याने ड्रॉइंगप्रमाणे केलं, आणि ड्रॉइंग काढणाऱ्याने चाक पाहिलेलं नव्हतं. ड्रॉइंग मंजूर होण्याआधी शहरातली चार स्केटबोर्ड खेळणारी पोरं टेबलाभोवती बसवली असती तर दहा मिनिटांत हे निस्तरलं असतं.

स्केटिंग रिंक आपल्याकडे आहेत, पुण्यात तर बऱ्यापैकी. पण तिथे सकाळ-संध्याकाळ चाकाच्या बुटांच्या बॅचेस चालतात, फी असते, कोच असतो, बाकी वेळ कुलूप. ते वाईट नाही, स्पर्धेची मुलं त्यातूनच घडतात. माझं मागणं वेगळं आहे: कुलूप नसलेली जागा. ज्याच्या घरी फी द्यायला पैसे नाहीत त्याने उधारीच्या बोर्डावर दुपारी तीनला येऊन पडावं, उठावं.

आणि हे लंडनसारख्या शहरातच जमतं असंही नाही. मध्य प्रदेशात पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी जनवार म्हणून गाव आहे. तिथे उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५मध्ये काँक्रीटचा स्केटपार्क झाला. नियम दोनच: शाळा बुडवली तर बोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर आधी. आदिवासी आणि यादव वस्तीतली पोरं, जी एरवी एकत्र खेळत नसत, ती एकाच उतारावर पाळी लावायला लागली. त्याच गावची आशा गोंड २०१८ साली चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. टोकियो ऑलिंपिकात हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक तेरा वर्षांच्या जपानी मुलीने नेलं, हेही जाता जाता. तेरा वर्षांच्या मुलीला आपण अजून रस्ता ओलांडताना हात धरायला लावतो.

आपल्या हवेत मला एकच जागा योग्य दिसते, ती उड्डाणपुलाखालची. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा पार्क निकामी, आणि मे महिन्यात दुपारी काँक्रीटला हात लावून दाखवा. पुलाखाली सावली आहे, छप्पर आहे, खांब आहेत, आणि वरच्या ट्रकांच्या आवाजात चाकांच्या खडखडाटाची तक्रार करायला शेजारी कुणी नाही. अमेरिकेत पोर्टलंडला बर्नसाइड पुलाखाली १९९०मध्ये पोरांनी परवानगी न विचारता स्वतः काँक्रीट कालवून पार्क उभा केला आणि नगरपालिकेने नंतर मान्यता दिली. आपल्याकडे तसं करू नका, पुलाच्या फुटिंगजवळ खणणं हा गुन्हा आहे आणि धोकाही. पण पुलाखाली फक्त भंगार रिक्षा आणि टपऱ्याच शोभतात असंही नाही. मुंबईत माटुंग्याच्या पुलाखाली २०१६पासून चांगली बाग आहे, लोक सकाळी तिथे फिरतात. बाग होते तर कोबाही होईल.

खर्चाचं बोलू. बाउलच्या मागे लागू नका, तो करणारे हात आधी तयार व्हायला हवेत. सपाट घ्या. २०० चौरस मीटर, १५० मिलिमीटर जाडी, म्हणजे ३० घनमीटर काँक्रीट. एम-३० ग्रेड, जाळी, ट्रिमिक्सने पाणी ओढून पॉवर ट्रॉवेलने घोटलेला पृष्ठभाग. हे आपले लोक रोज पार्किंगमध्ये करतात, उत्तम करतात. सांधे मशिनने कापायचे, तीन-चार मिलिमीटर रुंदीचे. तेवढ्यावरून चाक टक् करून निघून जातं. त्यावर लोखंडी कडा बसवलेले दोन-तीन लांब ओटे आणि एका बाजूला एक उतार. झाला पार्क. कुंपण नको, नामफलक लहान, उद्घाटनाच्या कोनशिलेसाठी मध्यभागी चौथरा तर मुळीच नको. क्युरिंग (पाणी देऊन काँक्रीट पक्कं करणं) पूर्ण होईपर्यंत मात्र कुणालाही वर सोडू नका, नगरसेवकांनाही.

पुणेकरांसाठी: महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या प्रभागातलं काम सुचवायची सोय २००६पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, सहसा पावसाळ्याच्या शेवटी मागवतात, आणि मर्यादा पाच लाखांच्या आसपास असते. वरचं काम कोब्यापुरतं त्यात बसवता येतं, ओटे पुढच्या वर्षी. बहुतेक अर्ज बाक, दिवे आणि पेव्हर ब्लॉकचे असतात. अर्जात ‘पेव्हर ब्लॉक नको’ हे वेगळ्या ओळीत, ठळक लिहा, कारण लिहिलं नाही तर तेच बसवतील. कुणाला कोब्याचं एस्टिमेट काढून हवं असेल तर मी रिकामाच आहे.